दगडाच्या लाह्या

जव्हारजवळच्या एका पाड्यावर ओळखीचं एक घर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ते मोगऱ्याच्या काड्या लावून रोपं करतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातल्या अनेक कुटुंबांना या मोगऱ्यानं चार पैसे दाखवले आहेत. इथल्या कळ्या थेट दादरच्या फुलबाजारापर्यंत जातात. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे एक टम्म फुगलेलं पोतं घेऊन गेलो. ते एका हातानं उचलून ओसरीवर ठेवलं तेव्हा घरातल्या आजी बघतच राहिल्या. त्यांनी आतले पांढरे दाणे मुठीत घेतले, चुरगाळले आणि विचारलं, "साबुदाणा का थर्माकोल?"

"दगड आहे, आजी."

आजी मनापासून हसल्या. दगड म्हणजे त्यांच्या अंगणात पडलेला काळा फत्तर, ज्यावर पहार मारली तर ठिणगी उडते. हा तर फुंकरीनं उडत होता!

पण तो खरोखरच दगड होता. त्याचं नाव परलाइट. ज्वालामुखीतून निघालेला घट्ट, चिकट लाव्हा झटकन थंड झाला की त्याची काच होते. पुढे युगानुयुगं ही काच थोडं थोडं पाणी पोटात घेते. वजनाच्या दोन ते पाच टक्केच, पण तिची सगळी करामत या पाण्यात आहे. काच दळून साडेआठशे-नऊशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत टाकली, की ती मऊ पडते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. आपण नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडतो, अगदी तसाच. मूळ आकाराच्या चारपासून वीसपट! ज्या घनमीटरभर कच्च्या दगडाचं वजन हजार किलोच्या वर भरतं, त्याच मापाचा फुललेला माल तीसपासून दीडशे किलोंतच भरतो.

मग आपल्या काळ्या दगडाच्या लाह्या का होत नाहीत? तोही ज्वालामुखीचाच की! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून सह्याद्री आणि हे जव्हार-मोखाड्याचे डोंगर घडले. पण आपल्या लाव्ह्यात सिलिका निम्म्याच्या आसपास, परलाइटमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर. आपला लाव्हा पातळ. तो दूरवर वाहिला, सावकाश थंड झाला आणि त्याची काच होण्याऐवजी स्फटिक झाले. म्हणून परलाइट इथं सापडत नाही; तो ग्रीसचं मिलोस बेट, तुर्कस्तान, अमेरिका, चीन अशा ठिकाणी खणून काढतात.

आपल्या फत्तरानं पाणी धरलं ते वेगळ्या रीतीनं. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये पुढे झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते बघायला मिळतात. त्यांच्याही अंगात पाणी असतं. तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५६ साली त्याला ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड' असं नाव दिलं.

हलकेपणामुळे परलाइटला कामं पुष्कळ. त्याच्या बारीक पोकळ्यांत हवा अडकते, म्हणून उष्णता सहज आरपार जात नाही. द्रवरूप नायट्रोजनसारखा अतिथंड माल साठवायच्या टाक्यांच्या दुहेरी भिंतींत तो भरतात. हलक्या गिलाव्यात मिसळतात. तेल, पाक, बिअर गाळतानाही वापरतात. रोपवाटिकेत त्याचं काम साधं आहे. दाण्याच्या खरबरीत अंगावर ओल राहते आणि दोन दाण्यांमधून हवा खेळते. मुळांना दोन्ही लागतं. मात्र त्यात खत नसतं, आणि कोरडा हाताळला तर धूळ नाकात जाते; आधी पाणी शिंपडावं.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक माझी पुढे झाली. ट्रेमध्ये भरून उरलेला परलाइट मी हौसेनं डोंगरउतारावरच्या मोगऱ्याच्या खड्ड्यांत, मातीवरच पसरायला लावला. "हा ओल धरतो," मी म्हणालो. जूनच्या पहिल्या सरीत तो पाण्यावर तरंगला आणि पांढऱ्या रेघा ओढत ओहोळाला लागला. आजी ओसरीवरून म्हणाल्या, "भाऊ, तुमचा दगड पोहतो की!" पैसे माझे होते, पण लाज दोघांची झाली, त्यांना पाहुण्याची वाटली, मला माझ्या शहाणपणाची. छपराखालच्या ट्रेमधल्या काड्यांना मात्र छान मुळं फुटली.

त्या पावसात भिजत मी विचार करत होतो. पावसाळ्यात इथं आभाळ फाटतं. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. आणि एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. कठीण फत्तर पाणी पोटात घेत नाही, आणि उतार त्याला थांबू देत नाही. पोतंभर परलाइट ट्रेमधल्या रोपाला ओल देईल; डोंगराला नाही देणार. डोंगराचं पाणी बांध घालून, चर खणून, झाडं राखूनच अडवावं लागेल.

या वर्षी आजींच्या नातवानं खड्ड्यांच्या खालच्या अंगाला दगडी बांध घातले आहेत. अंगणातल्याच काळ्या फत्तरांचे. ते काही पोहत नाहीत.