एका खुणेनं “माझं” होतं “तुझं”: हवाईतली मुलं आणि त्यांचा कीबोर्ड

“आचाऱ्यांना पैसे द्या” आणि “आचार्यांना पैसे द्या”. पहिल्या वाक्यात स्वयंपाक करणारे, दुसऱ्यात गुरुजी. मोबाईलवर घाईत भलताच “र्य” पडला, तर पैसे भलत्याच माणसाकडे!

आपल्याला निदान चूक कळते. पण भाषा नुकती शिकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला कीबोर्डच चुकीचं शिकवत असेल तर? हवाई बेटांवर हा प्रश्न खरोखर आला होता.

आधी थोडा इतिहास

१८९६ च्या कायद्यानं हवाईतल्या शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. हळूहळू घरांतूनही हवाईयन भाषा मागे पडली. १९८० च्या आसपास ती बोलणारी लहान मुलं अगदी मोजकी उरली होती. मग १९८३ मध्ये “अहा पूनाना लेओ” ही संस्था सुरू झाली आणि १९८४ मध्ये काउआई बेटावर तिची पहिली बालवाडी. पूनाना लेओ म्हणजे आवाजाचं घरटं. तिथे दिवसभर फक्त हवाईयन. १९८७ पासून सरकारी शाळांतही या माध्यमाचे वर्ग निघाले.

मुलं काय शिकतात?

त्यांची बाराखडी म्हणजे “हाकालामा”. हा, का, ला, मा, ना, पा, वा, ‘आ असं मुलं तालात म्हणतात. शेवटच्या ‘आ च्या आधी जी खूण आहे ना, ती “ओकिना”. घशात आवाज क्षणभर अडवायचा, मग सोडायचा. हे विरामचिन्ह नाही. हवाईयनच्या आठ व्यंजनांपैकी ते एक आहे. दुसरी खूण “कहाको”: रोमन स्वरावरची आडवी रेघ. ती आली की स्वर दीर्घ.

आता गंमत बघा. क‘उ म्हणजे माझं, काउ म्हणजे तुझं आणि नुसतं कउ म्हणजे ठेवणे. वहिने म्हणजे एक बाई, वाहिने म्हणजे अनेक बायका. म्हणजे या खुणा नुसती सजावट नाहीत, व्याकरणच त्यांच्यावर उभं आहे. त्या गाळल्या तर “माझं” आणि “तुझं” रोमनमध्ये सारखंच दिसतं.

फोन कुठे घोळ घालतो?

ओकिनाची कळ नसली की लोक इंग्रजी ॲपॉस्ट्रॉफी वापरतात. मग ऑटोकरेक्ट त्याला अवतरणचिन्ह समजून शब्दाच्या सुरुवातीला एका दिशेला वळवतो आणि मध्ये उलट्या दिशेला. म्हणजे एकच अक्षर, दोन रूपं! डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, पण कॉम्प्युटरसाठी ही वेगवेगळी चिन्हं आहेत. त्यामुळे सर्चमध्ये शब्द सापडेलच असं नाही.

युनिकोडमध्ये ओकिनाला स्वतःचा नंबर आहे, ०२बीबी, आणि त्याची नोंद “अक्षर” म्हणूनच आहे. २००२ मध्ये ॲपलनं मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये हवाईयन कीबोर्ड दिला. आज आयफोन आणि जीबोर्डवरही तो मिळतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका फॉर्ममध्ये नावासाठी “फक्त ए ते झेड” अशी अट लिहिली होती. तेव्हा ती शिस्त वाटली. आज कळतं, ओकिना असलेलं नाव टाकणाऱ्या मुलीला माझा कोड सांगत होता: तुझं नाव चुकलंय.

तुम्ही काय करू शकता?

ॲप बनवत असाल तर कुठलं चिन्ह अक्षर आहे ते युनिकोडकडून घ्या, स्वतः ठरवू नका. आणि नुसती अक्षरं तपासून थांबू नका, नाहीतर देवनागरीतले काना-मात्रा अडकतील.

ॲप बनवत नसाल तरी आज मराठी कीबोर्ड उघडून “दऱ्या” लिहून बघा. खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र होतो: दर्या. घरातलं लहान मूल तुमचे मेसेज वाचत असेल, तर ते हेच मराठी शिकणार आहे.