वाचता येतं, मग चित्रं कशाला?

‘पहिलीत गेलाय, वाचता येतं त्याला. आता चित्रांची पुस्तकं नकोत, जरा जाड काहीतरी द्या.’ खांदा कॉलनीत मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला, की हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि तेही कौतुकाने. मुलगा खडाखडा वाचूनही दाखवतो. मग त्याला गोष्टीतल्या कोणाबद्दल विचारावं, ‘तो असा का वागला असेल?’ की मुलगा आईच्या तोंडाकडे बघतो.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६मध्येच मांडलंय, की वाचनाचं आकलन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: शब्द वाचता येणं आणि कानावर पडलेली भाषा समजणं. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्याजवळ असेल, तर दुसरीने कितीही मजल मारली तरी उपयोग काय?

ही दुसरी बाजू घडवायला चित्रांची पुस्तकं लागतात, पहिलीनंतरही. पॅट हचिन्स यांचं १९६८चं ‘रोझीज वॉक’ घ्या. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य, शब्द ३२. कोंबडी फिरायला निघते आणि जेवणाच्या वेळेला घरी येते, बस. तिच्या मागावर असलेल्या कोल्ह्याचा मजकुरात उल्लेखच नाही, तो फक्त चित्रांत आहे. नुसती अक्षरं वाचणाऱ्याच्या हाती इथे गोष्टच लागत नाही. कोल्हा आता कुठे आपटणार, कोंबडीला तो दिसलाय की नाही, हे चित्रावरून ताडावं लागतं. पुढे उताऱ्याखाली ‘लेखकाला काय सुचवायचे आहे?’ असा प्रश्न येतो, तेव्हा हेच ताडणं कामी येतं. ते ऐन परीक्षेच्या तोंडावर क्लास लावून येत नाही हो!

‘वाचता येतं, मग चित्रं नकोत’ या समजुतीत तथ्याचा अंश आहे, तो एवढाच: शब्द अडला की चित्राकडे बघून अंदाजे काहीतरी ठोकून देण्याची सवय वाईट. तेवढ्यापुरता चित्रावर हात ठेवा आणि अक्षरं जोडून वाचू द्या.

मात्र पुस्तक आणून दिलं की आपलं काम झालं, असंही नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं उत्तर वाढवायला शिकवलं. बाकीच्यांनी नेहमीसारखं वाचलं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात कित्येक महिन्यांनी पुढे गेली. ‘हा कोण? रंग कोणता?’ ही उलटतपासणी झाली. ‘हा का रुसला असेल रे?’ असं विचारावं आणि गप्प बसावं. हे गप्प बसणंच पालकांना अवघड जातं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘तेच ते पुस्तक मागतो’ म्हणून वैतागू नका. ससेक्स विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं नवे शब्द जास्त शिकली. ‘शाळा इंग्रजी, तर गोष्टीही इंग्रजीच’ हेही सोडा. घरात मराठी असेल, तर ‘का?’चं ऐसपैस उत्तर मूल मराठीतच देईल. पुस्तकं महाग वाटत असतील, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून चित्रकथा फुकट आहेत, मराठीतही. विकत घ्यायचं असेल, तर माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ बघा. राहिला वेळ. खांदेश्वरला लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, मान्य. एकाच चित्रावर दहा मिनिटं गप्पा मारा. पुस्तक आजच संपवायची सक्ती कोणी केलेली नाही.