ठासणीच्या बंदुकीस गोळी कोणती घ्यावी?

धानाच्या लोंब्या भरूं लागल्या कीं गोंदिया जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गांवीं, विशेषतः सालेकसा, देवरी व अर्जुनी-मोरगांव या भागांत, शेतकऱ्यांस रानडुकरांपायीं मचाणावर रात्रीच्या रात्री जागून काढाव्या लागतात. कळप एकदां शिरला म्हणजे खातो त्याहून अधिक लोळवून जातो. अशा गांवांतून पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक, जीस लोक भरमार म्हणतात, अद्यापि कोठें कोठें आढळते. परदेशी जाहिरातींत दिसणारी, प्लास्टिकच्या वाटींत बसविलेली लांबट गोळी आपल्या भरमारीस चालेल काय, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत येतो. बहुतेकांपुरतें त्याचें उत्तर नाहीं असेंच आहे.

कारण नळींत आहे. गांवांतील भरमारीची नळी आंतून बहुधा गुळगुळीत असते. तींतून सुटलेल्या गोळीस फिरकी मिळत नाहीं. आणि फिरकीवांचून लांबट गोळी हवेंत कोलांट्या खात जाते, ती कोठें लागेल याचा नेम नाहीं. वाटोळ्या गोळीस पुढची बाजू व मागची बाजू असा भेदच नसल्यामुळें ती फिरकीशिवायही बऱ्यापैकीं सरळ जाते. तरी चाळीस-पन्नास पावलांपलीकडे तिचाही भरंवसा धरूं नये. जखमी होऊन पळालेला डुक्कर सकाळीं कापणीस आलेल्या बायामाणसांवर उलटतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नलगे.

रायफलीच्या नळीस आंतून पीळ असतो, पण सर्व पीळ सारखे नसतात. ४८ ते ७० इंचांत एक फेरा असा सावकाश पीळ वाटोळ्या गोळीस मानवतो. वाटींतील लांबट गोळीस सुमारें २८ इंचांत एक फेरा असा घट्ट पीळ लागतो. या वाटीस सॅबो म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लांकडी जोडा. पूर्वीं तोफेच्या गोळ्याखालीं लांकडी बैठक बांधीत, तिलाही हेंच नांव होतें. युक्ति जुनीच आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीचा व्यास ०.५७७ इंच; तिची गोळी त्याहून बारीक असे आणि ती काडतुसाच्या चरबी लावलेल्या कागदासकट ठासली जाई, म्हणजे फट भरण्याचें काम तो कागद करी. त्या चरबीवरून १८५७ सालीं काय झालें तें सर्वश्रुतच आहे.

आपल्या भरमारींत कागदाचें तें काम चिंधी करते. अर्ध्या इंची नळीस ०.४९ इंच व्यासाची शुद्ध शिशाची गोळी घ्यावी. तिचें वजन एका तोळ्यास किंचित् कमी भरतें. चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची, तेलांत भिजवून पिळलेली असावी. नायलॉनचें कापड वितळतें, तें मुळींच नको. गोळी अंगठ्यानें आपोआप आंत घसरली तर चिंधी पातळ समजावी, आणि गजावर ठोकाठोक करावी लागली तर जाड. शिशासाठीं जुन्या बॅटरीच्या पट्ट्या घरीं वितळविण्याचा मोह कोणीं करूं नये. तें शिसें कठीण असतें, शिवाय त्यांतून विषारी वायु निघतात.

आतां मचाणाची गोष्ट. मचाणावरून खालीं नेम धरणें चांगलें, कारण चुकलेली गोळी बांधीच्या चिखलांत रुतते, शेजारच्या मचाणावर जात नाहीं. परंतु नळीचें तोंड खालीं होतांच सैल बसलेली गोळी पुढें सरकते, व दारू आणि गोळी यांमध्यें पोकळी पडते. अशा स्थितींत बार काढल्यास नळी फुगते किंवा फुटते, आणि डावा हात नळीवरच असतो! यासाठीं बंदूक रिकामी असतां गज आंत घालून त्यावर तोंडाशीं एक खूण करावी, दारू-गोळी ठासल्यावर दुसरी. रात्रींतून दोन-तीन वेळां गज घालून दुसरी खूण जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. मात्र असें पाहतांना टोपी काढलेली असावी व तोंड स्वतःच्या अंगाकडे नसावें. एका बारानंतर नळींत काजळी धरते आणि दुसरी गोळी मध्येंच अडकते, म्हणून ओल्या चिंधीनें नळी पुसल्याशिवाय पुन्हां ठासूं नये. काळ्या दारूऐवजीं काडतुसांतील बिनधुराची दारू चिमूटभरही घालूं नये. तिचा दाब या नळ्यांस सोसत नाहीं.

राहतां राहिला कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ यांत पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालीं रानडुक्कर संरक्षित आहे, आणि उभ्या पिकास धोका झाला असतांही अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातीं आल्यावांचून त्यावर गोळी झाडतां येत नाहीं. परवानगी नसल्यास बंदूक घरींच ठेवावी, आणि नुकसान झाल्यास पंचनामा करवून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज विनाविलंब द्यावा.