वणव्यानंतर फुलणारी ‘बहुरूपा’ : एका नव्या वनस्पतीची ओळख

‘सह्याद्रीत नवी वनस्पती सापडली’ अशा आशयाची बातमी वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत असते. ती वर्गात वाचून दाखविली की एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, ‘‘गुरुजी, मग ती आधी नव्हती का?’’ प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असावे लागते. २०२४ सालच्या अखेरीस अशीच एक बातमी प्रसिद्ध झाली. तिच्यात आणखी एक नवल होते. ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते आणि दुसरा फुलोरा वणव्यानंतर येतो, असे तीत म्हटले होते. रामटेक, पारशिवनी, देवलापार या भागांतील जंगलालगतच्या शाळांत ही बातमी नुसत्या मथळ्यापुरती सांगितली गेली, तर तिच्यातून भलताच अर्थ निघण्याचा संभव आहे. सबब या वनस्पतीची हकीकत येथे काहीशा विस्ताराने देत आहे.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’. पुणे जिल्ह्यातील तळेगाव-दाभाडे हा परिसर गवताळ माळांसाठी व चाऱ्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथून आदित्य धारप यांनी या वनस्पतीचे नमुने गोळा केले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. मंदार दातार व भूषण शिगवण यांच्यासह त्यांचा अभ्यास केला. ही संस्था मूळची १९४६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी होय. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) हे मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. सह्याद्रीच्या पाण्यात गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यांनीच प्रथम शोधून काढला. १९९२ पासून संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आता कुळाविषयी. डिक्लिप्टेरा ही अडुळशाच्या कुळातील प्रजाती आहे. अडुळसा, कोरांटी आणि दीर्घ कालावधीने एकदाच फुलणारी सह्याद्रीतील कारवी ही या कुळातील आपल्या परिचयाची मंडळी. समोरासमोर येणारी पाने, बहुधा दोन ओठांसारख्या भागांचे फूल आणि वाळल्यावर उकलून बिया दूर फेकणारे फळ, ही या कुळाची स्थूल लक्षणे मुलांना सहज दाखविता येतात. सदर भागातील जुन्या आवारांच्या भिंतींच्या कडेला पावसाळ्यात जांभळ्या फुलांची एक लहान वनस्पती उगवते. तिच्या वाळक्या शेंगा पाण्यात टाकल्या की फटकन फुटतात. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती याच कुळातली. खेड्यापाड्यांतील मुलांना हा खेळ ठाऊक असतो. त्यांना तो शास्त्र म्हणून ठाऊक नसतो, एवढेच. ‘डिक्लिप्टेरा’ हे नाव फळाच्या दुहेरी, पंखासारख्या भागांवरून पडले आहे.

या वनस्पतीचे वेगळेपण तिच्या फुलोऱ्यात आहे. डिक्लिप्टेरामध्ये फुले लहान लहान जुडग्यांनी येतात. या जातीत ही जुडगी वाढत जाऊन त्यांचा कणसासारखा फुलोरा बनतो. कणसासारखा म्हणजे कसा, हे आघाड्याचा तुरा हाती देऊन दाखवावे. पुढे अधिक सांगण्याची गरज उरत नाही. भारतात या प्रजातीची कणसासारखा फुलोरा असलेली दुसरी जात ज्ञात नाही. तिचा सर्वांत जवळचा आप्त आफ्रिकेत आहे. एवढ्या अंतरावरचे नाते ताडून पाहावयाचे तर तिकडील नमुने पाहिलेला मनुष्य हवा. त्यासाठी लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या डॉ. डार्बीशायर यांचे मत घेण्यात आले. क्यूच्या संग्रहात वाळवून कागदावर चिकटविलेले सुमारे ७० लाख नमुने आहेत. ही जात नवीन असल्याचे तेथून निश्चित झाले आणि तिचे वर्णन क्यूच्याच नियतकालिकातून प्रसिद्ध करण्यात आले.

यावरून विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. वनस्पती नवी नसते. ती त्या उतारावर पिढ्यान् पिढ्या उभी असते. गुराख्याने ती पाहिलेली असते, गुरांनी तिच्यावरून वाट काढलेली असते. नवे असते ते तिचे वर्णन. ज्ञात असलेल्या सर्व जवळच्या जातींशी ताडून पाहून, ‘ही त्यांपैकी कोणतीही नव्हे’ असे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. एक नमुना प्रमाण म्हणून संग्रहात कायमचा ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कोणास शंका आली तर तो काढून पाहता येतो. लिनीयसने १७५३ साली दोन पदी नावांची जी पद्धत वनस्पतींना सर्वत्र लागू केली, त्या पद्धतीचे नाव द्यावे लागते. २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे लक्षणवर्णन लॅटिन भाषेत लिहिणे बंधनकारक होते. १ जानेवारी २०१२ पासून ते इंग्रजीतही चालते.

तळेगावच्या वनस्पतीच्या बाबतीत नमुना मिळाला आणि नाव दिले, असे झाले नाही. तिची लक्षणे स्थिर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तिच्यावर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘पॉलिमॉर्फा’ म्हणजे बहुरूपा. एकाच जातीत आढळणाऱ्या विविध रूपांमुळे तिला हे नाव मिळाले. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरच्या प्रारंभी तिचा पहिला फुलोरा सुरू होतो व तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यानंतर उन्हाळ्यात माळ वाळतो, वणवा लागतो, वर दिसणारे सर्व काही जळून जाते. आणि मे-जूनमध्ये त्याच काळ्या जमिनीतून अगदी बुटके, फुलांनी लगडलेले धुमारे वर येतात. हा दुसरा फुलोरा अधिक दाट असतो, पण थोडे दिवस टिकतो. डिसेंबरात एकदा व मे महिन्यात एकदा, अशा दोनच खेपा घालणाऱ्यास या दोन वेगळ्या वनस्पती वाटल्या असत्या तर त्यात नवल नव्हते. बारा महिने तीच जागा पुनःपुन्हा पाहणारा डोळा येथे उपयोगी पडला.

आता वणव्याचा प्रश्न. आगीमुळे फूल येते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे. फूल येते ते जमिनीखालील काष्ठमय मूळखोडातून. माती उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे गवताची झरझर पुढे सरकणारी आग पृष्ठभाग भाजून काढते, पण काही बोटे खाली तिची धग फारशी पोहोचत नाही. तेथे अन्नसाठा व कोंब सुरक्षित राहतात. आपल्याकडील पळस आणि तेंदू हेही तोडल्या-जाळल्यानंतर मुळांतून पुन्हा फुटतात, हे मुलांनी पाहिलेले असते. उदाहरण तेच द्यावे. कडक उन्हाळा, पाण्याचा अभाव आणि वारंवार लागणारी आग या तिन्ही आपत्ती ज्या उघड्या उतारांवर येतात, तेथे टिकून राहण्याची ही युक्ती आहे. आगीने वनस्पतीला दिले ते इतकेच, की दुसऱ्या फुलोऱ्यास चालना मिळाली. ते फुलविण्याचे बळ वनस्पतीने आधीच्या पावसाळ्यात साठविलेले असते. आणि साठा म्हटला की त्याला मर्यादा आली. मूळखोडाला पुन्हा भरून येण्यास अवसर न देता आग येतच राहिली, तर साठा संपतो. म्हणूनच या जातीच्या रक्षणासाठी आगीचा अतिरेक टाळला पाहिजे, असे अभ्यासकांनीही म्हटले आहे. तिचा आढळ उत्तर सह्याद्रीतील गवताळ उतारांपुरताच मर्यादित आहे, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी.

आपल्याकडे हा विषय पुस्तकी नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत आपल्या जंगलांत वणव्यांचा हंगाम असतो. मोहफुले वेचताना पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. पेटविणाऱ्याच्या मनात जंगल जाळण्याचा हेतू नसतो. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ठिणगी त्याचे ऐकत नाही. ज्यांचे वर्षाचे मीठमिरची या फुलांवर व पानांवर अवलंबून आहे, अशा घरांतील मुले आपल्या वर्गांत बसतात. ‘तळेगावला आग लागली की फुले येतात’ हे त्यांच्या कानी पडले, तर ‘मग आमच्या आगीने काय बिघडते?’ हा प्रश्न त्यांनी विचारावा हे स्वाभाविकच आहे. त्यास रागावून उत्तर देऊ नये.

उत्तर असे की, माळ वेगळा आणि साग-ऐनाचे जंगल वेगळे. गवताचा माळ काही मिनिटांत जळून जातो. जंगलात मात्र पाचोळ्याचा थर असतो, पडलेली लाकडे असतात. ती रेंगाळत, अधिक खोलवर जळतात. त्या वर्षी उगवलेली सागाची, मोहाची, चाराची रोपे जळतात. त्यांना साठा करण्यास वेळच मिळालेला नसतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. पाचोळ्याचे खत होण्याआधीच त्याची राख होते आणि ती पहिल्या पावसात नाल्याला मिळते. मोह आज उभा दिसतो, त्याचे कारण त्याचे रोप केव्हातरी काही वर्षे आगीतून वाचले होते. झाडाखाली पाला झाडून बाजूला करणे किंवा जुन्या लुगड्याची अथवा जाळीची झोळी अंथरणे, हे उपाय कष्टाचे असले तरी अंगणातले आहेत. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, हेही सांगावे. पण ते शेवटी सांगावे. कायद्याच्या धाकाने मूल गप्प बसते, त्याला रोपाचे मरण समजत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ही वनस्पती ज्या जागी सापडली तशा जागांना आपण सरसकट ‘पडीक’ म्हणतो, आणि जुलै महिना आला की शाळेची मिरवणूक नेऊन तेथे खड्डे खणतो. वृक्षारोपण चांगलेच, परंतु प्रत्येक उघडा उतार हा मोडलेल्या जंगलाचाच अवशेष असतो असे नाही. पुण्याच्या बाजूच्या अनेक टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाटी करण्यात आली. उन्हात वाढणाऱ्या गवताला व त्याच्या आधाराने राहणाऱ्या लहान वनस्पतींना अशी सावली मानवत नाही. माळावर झाडे लावण्यापूर्वी तेथे पावसाळ्यानंतर काय फुलते, हे एक वर्ष तरी पाहून घ्यावे, असे माझे मत आहे.

पाहण्याचे हे काम चौथी-पाचवीची मुले उत्तम करतात. शाळेजवळील एखादा बांध, गायरानाचा तुकडा किंवा रस्त्याच्या कडेचा उतार निवडावा. तेथे मुद्दाम आग लावण्याचे कारण नाही. आपोआप जळलेली एखादी जागा बहुधा गावाजवळ सापडतेच; ती शांत होऊन पुरती निवाल्यावर, दिवसा, शिक्षकांच्या समवेत तिची पाहणी करावी. शेजारची न जळलेली जागाही तेवढीच मोजून घ्यावी. सुट्टीच्या दिवसांत जवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांकडे हे काम सोपविता येईल. पहिला कोंब कोणत्या तारखेस दिसला, तो बीपासून आला की जुन्या मुळातून, उंची किती बोटे, फूल केव्हा धरले, पहिला पाऊस केव्हा पडला, एवढे वहीत लिहावे. ओळखण्यासाठी वनस्पती मुळासकट उपटू नये. एक फांदी, एक पान आणि जमल्यास एक फूल रद्दी कागदात दाबून पुरे होते. गावातील वडीलधाऱ्यांना तिचे नाव विचारून तेच नोंदवावे. गावात एकाच वनस्पतीला दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावी, आणि कोणते नाव कोणत्या ऋतूत तिला लावतात तेही विचारावे.