दमडी मशीद

निजामशाही वास्तुशैलीतील एक छोटी परंतु कोरीवकामासाठी प्रसिद्ध असलेली दगडी मशीद. ती अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील भुईकोट किल्ल्याजवळ असून पहिला मुर्तजा निजामशाह (कार. १५६५–८८) याच्या कारकीर्दीत १५६७–६८ मध्ये साहिरखानाने ती बांधविली.

मशिदीच्या नावाविषयी एक आख्यायिका आहे. पहिल्या हुसेन निजामशाहाने (कार. १५५३–६५) जुन्या मातीच्या कोटाच्या जागी १५५९ मध्ये दगडी किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. त्यावर राबणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून प्रत्येकी एक दमडी बाजूस काढली व त्या पैशातून ही मशीद उभी राहिली, असे सांगितले जाते. दमडी हा पैशाचा एक अल्प अंश होय.

मशिदीच्या दर्शनी भागात तीन कमानी आहेत. माथ्यावरील नक्षीदार कठडा व कोपऱ्यांवरील छोटे मनोरे यांमुळे तिला उठाव आला आहे. बांधकामात वापरलेले मोठे घडीव चिरे आणि त्यांवरील नाजूक कोरीवकाम हे तिचे खास वैशिष्ट्य. अहिल्यानगरमधील पाषाणकलेचा ती एक उत्तम नमुना समजली जाते.

निजामशाहीच्या दरबारी इराणी व तुर्की लोकांना आश्रय मिळे. ‘मुलूख मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये येथेच ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी हा, ‘रूमी’ या उपनामावरून, ऑटोमन प्रदेशातील असावा. ही तोफ पुढे विजापूरला नेण्यात आली. वास्तुकलेत मात्र या दोन प्रदेशांच्या वाटा भिन्न होत्या. दमडी मशीद पुरी होत असताना तुर्कस्तानात एदिर्ने येथे स्थपती सिनान याने सेलिमिये मशिदीचे (१५६८–७४) काम हाती घेतले होते. तिच्या मुख्य घुमटाचा व्यास सु. ३१ मी. असून त्याखालील विशाल, अखंड अवकाश हे त्या रचनेचे मर्म होय. दमडी मशिदीत भव्यतेचा आग्रह नाही. तिचे सौंदर्य चिऱ्याच्या घडणीत व पाथरवटाच्या हातोटीत आहे.

आख्यायिकेची सत्यता कशीही असो. लोकांनी या वास्तूस ती बांधविणाऱ्या साहिरखानाचे नाव न देता मजुरांच्या दमडीचे दिले, ही गोष्ट लक्षणीय होय.