कमी धातूंचे तारे कसे ओळखतात?

मे महिन्यात मध्यरात्री कोल्हारच्या प्रवराकाठावरून तूळ रास दक्षिणेला चांगली वर आलेली दिसते. याच राशीत एचडी १४०२८३ हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण अंधाऱ्या रात्री द्विनेत्री दुर्बिणीतून सापडतो. तो सुमारे २०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्यात लोहाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकेच आहे.

हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सर्व मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ धातू म्हणतात. ती ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत हळूहळू तयार झाली. म्हणून ज्या ताऱ्यात धातू अत्यल्प, तो बहुधा विश्वाच्या बालपणी जन्मलेला.

कोट्यवधी ताऱ्यांतून असे तारे निवडताना पहिली चाळणी रंगाची. धातूंचे अणू निळा आणि अतिनील प्रकाश शोषतात. धातू कमी असतील, तर त्याच तापमानाचा तारा अधिक निळसर दिसतो. त्यासाठीच ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर सर्वेक्षणात कॅल्शियमच्या ३९३ नॅनोमीटरच्या रेषेभोवतीचा प्रकाश मोजणारा खास फिल्टर वापरला गेला.

रंगावरून फक्त संशयित मिळतात. खात्री वर्णपटच देतो, म्हणजे ताऱ्याचा रंगांनुसार पसरवलेला प्रकाश. त्यात लोहाच्या काळ्या रेषा जितक्या पुसट, तितके लोह कमी. २०१४ साली स्कायमॅपरने शोधलेल्या एका ताऱ्यात लोहाची रेषा सापडलीच नाही.

पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आणि वर्णपटमापक आहे. आपल्या मुलांनी या विद्येकडे जरूर वळावे.