गुळवेलीचा पाला आणि प्रयोगशाळेतील उंदीर

बांधावरच्या कडुनिंबावर किंवा कुंपणावर आपोआप चढणारी गुळवेल महाराष्ट्रातील बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तापात तिच्या खोडाचा काढा देण्याची चाल जुनी असून काही घरांत कोवळ्या पानांची भाजीही करतात. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा या काढ्यास एकाएकी मोठे महत्त्व आले. ‘प्रतिकारशक्ती वाढते, हे उंदरांवर सिद्ध झाले आहे,’ असे तेव्हापासून गावोगाव सांगितले जाते. ते सिद्ध कसे करतात हे ग्रामसेवकांना ठाऊक असणे इष्ट होय. कारण प्रश्न शेवटी त्यांनाच विचारला जातो.

प्रथम पाला सावलीत वाळवून त्याची भुकटी करतात. ती पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून गाळतात व द्रव आटवून घट्ट अर्क मिळवितात. सुमारे २५ ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदरांचे गट पाडून एका गटास नुसते पाणी व इतरांस अर्काच्या निरनिराळ्या मात्रा काही दिवस तोंडावाटे देतात. अशा प्रयोगास संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते.

यापुढील युक्ती मोठी मार्मिक आहे. उंदरास रोगजंतू न देता मेंढीच्या रक्तातील तांबड्या पेशी टोचतात. त्या निरुपद्रवी, परंतु परक्या. म्हणून उंदराचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही दिवसांनी उंदराचे रक्तजल घेऊन ते दर वेळी निम्म्याने पातळ करीत जातात. किती पातळ होईपर्यंत ते मेंढीच्या पेशींच्या गुठळ्या करू शकते, यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण कळते. त्याच पेशी पुन्हा तळपायात टोचून चोवीस तासांनी सूज मोजतात. आणखी एका कसोटीत शेपटीच्या शिरेतून काजळीची शाई देतात. यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी ही काजळी जितक्या लवकर गिळतील, तितक्या लवकर रक्त निवळते.

मुंबईच्या डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर पुष्कळ काम केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात उंदरांच्या पोटात जंतुसंसर्ग घडविला असता, आधी अर्क दिलेल्या उंदरांत मृत्यू बरेच कमी झाले. अर्क जंतूंना प्रत्यक्ष मारीत नव्हता. भक्षक पेशींचे काम त्याने वाढविले होते.

हे यश खरे. परंतु त्यावरून माणसाची मात्रा ठरत नाही. उंदरास दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर त्याच हिशेबाने ६० किलोच्या माणसास १२ ग्रॅम द्यावा असे वाटेल. तथापि लहान प्राण्यांचा चयापचय जलद असल्याने शास्त्रज्ञ उंदराची मात्रा सुमारे बाराने भागतात. म्हणजे १२ ग्रॅमच्या जागी केवळ एक ग्रॅम! हाही पहिल्या चाचणीपुरता अंदाज. घरी वाटीभर उकळलेल्या काढ्यात अर्क किती उतरला, हे तर कोणीच मोजत नाही.

शिवाय वाढलेली प्रतिकारशक्ती नेहमीच हितकर असते असे नाही. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृतविकाराची हकीगत प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे त्यात होती. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. तेव्हा यकृताचा, संधिवातासारखा स्वप्रतिकारक्षमतेचा किंवा मधुमेहाचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून गुळवेल रोज घेऊ नये. आणि काढा पितो म्हणून लस टाळू नये.

ओळखीचा मुद्दा शेतकऱ्याच्या हातातला आहे. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाकृती व गुळगुळीत असते आणि खोड आडवे कापल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तिच्याच कुळातील एका वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात, तर दुसरीच्या पानाखाली मऊ लव असते. व्यापाऱ्यास किंवा प्रयोगशाळेस माल देताना पाला व खोड वेगवेगळे बांधावे. सोबत पानांसह वेलीचा एक तुकडा दाबून वाळवलेला ठेवावा व त्यावर गाव आणि तोडणीची तारीख लिहावी.